पाण्यापल्याडची पिल्लं

आमच्या घरात मांजराला नाव नसायचं. बैलांना नावं होती, गाईला होतं, दारातल्या कुत्र्यालाही होतं. मांजर मात्र नुसती 'मांजर'. ती म्हातारी होऊन कुठंतरी निघून गेली की तिची लेक असायची, मग ती 'मांजर'. कणग्यातल्या भातावर उंदीर पडू नयेत म्हणून तिला घरात जागा, आणि म्हावरं साफ करताना निघालेली डोकी-शेपट्या हा तिचा पगार. दूध वगैरे कोणी घालत नसे. घरातल्या पोरांनाच दूध चहापुरतं मिळायचं.

आमचं गाव डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या काठावर. आता तिथं गाव शोधावं लागतं, पण मी पोरगा असताना स्टेशनाकडून घरी यायचं तर दोन्ही हातांना भातशेतीच होती. पुढं तिवरं, मग चिखल, मग पाणी. पाण्याच्या पल्याड भिवंडीची बाजू.

मांजर वर्षातून दोनदा तरी व्यायची. एकदा शिमग्यानंतर, उन्हं तापायला लागली की, आणि दुसऱ्यांदा ऐन पावसात. संक्रांतीनंतर दिवस मोठा व्हायला लागला की मांजरी माजावर येतात. रात्री कौलांवर बोक्यांची भांडणं सुरू झाली की आजी कूस बदलून म्हणायची, "आला सुगीचा बाजार." त्यानंतर दोन महिन्यांनी माळ्यावर, भाताच्या पेंढ्यात, चार-पाच पिल्लं असायचीच. डोळे उघडेपर्यंत आजी त्यांच्याकडं बघतही नसे. डोळे उघडले की हिशेब सुरू. एक घरात ठेवायचं. शेजारी कुणाचं मांजर मेलं असेल तर एक तिकडं. उरलेली 'सोडायची'.

'सोडायची' हा शब्द मला फार उशिरा कळला.

मारायची नाहीत, हे ठरलेलं होतं. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, हे आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक. आमच्या घरात सोनं म्हणजे आजीच्या गळ्यातलं डोरलं, तेही एकदा सावकाराकडं जाऊन आलेलं. तेव्हा मांजर मारणं आम्हाला परवडणारं नव्हतं. पण सोडायला काशी लागत नव्हती. एक गोणपाट आणि एक पोरगा पुरे. १९७७ च्या वैशाखात तो पोरगा मी होतो. दहा वर्षांचा.

आजी म्हणाली, "पान्याच्या पल्यार सोर. येवाची नाय परत."

मांजर कितीही लांब सोडलं तरी घर शोधत येतं, पण पाणी ओलांडलं की वाट चुकतं, असा सगळ्यांचा समज. गोणीत मूठभर पेंढा आणि चार पिल्लं. होडीत मी गोणी मांडीवर घेऊन बसलो. गोणी गरम लागत होती, आणि आतून ती माझ्या मांडीवर चढायला बघत होती. होडीवाल्या काकांनी विचारलं, "गोनीन काय हाय?" मी सांगितलं. ते थोडा वेळ वल्हं मारत राहिले, मग म्हणाले, "एक मना दे. घरान उंदीर जाम झालेत." एक त्यांच्या टोपलीत गेलं. तीन राहिली.

पल्याड उतरल्यावर मला कुणी बघू नये असं वाटत होतं. का, ते सांगता येत नव्हतं. आजीनं सांगितलेलंच काम होतं. चोरी नव्हती. तरी मी बांधावरून गावाकडं न जाता खाली तिवरांत उतरलो आणि एका मुळाशी, सावली बघून, गोणी मोकळी केली. सावली बघितली, हे मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तेव्हा ओहोटी होती. संध्याकाळी भरती कुठवर येते ते खाडीकाठच्या पोराला कुणी सांगावं लागत नाही. तिवराच्या खोडावर चिखलाची रेघ असते, ती माझ्या कमरेच्या वर होती. मी ती बघितली होती.

घरी येऊन सांगितलं, "सोडली."

मांजर तीन रात्री माळ्यावरून ओट्यावर, ओट्यावरून माळ्यावर हिंडत होती. तिचं ते ओरडणं नेहमीचं नव्हतं. तोंडात काहीतरी धरून ओरडल्यासारखं दबकं. चौथ्या दिवशी ती गप्प झाली. आजीनं तिच्यापुढं बोंबलाचं एक आख्खं डोकं टाकलं. रोजच्यापेक्षा ते जास्त होतं, आणि आजी त्यावर काही बोलली नाही. आजीला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. सात माणसं खाणारी, भात सहा महिने पुरणारा. पाच मांजरांचं तिनं करायचं काय? तिच्यापुढं मारणं आणि सोडणं हे दोनच रस्ते होते आणि त्यातला जो पापाचा नव्हता तो तिनं धरला.

फक्त तो रस्ता कुठं जातो ते बघायला ती पल्याड आली नव्हती. मी गेलो होतो.

*

आमच्या गावात माघात हरिनाम सप्ताह बसायचा, अजून बसतो. एका वर्षी कीर्तनाला आलेल्या बुवांनी माकडिणीच्या आणि मांजरीच्या पोराचा दृष्टान्त सांगितला. मी तेव्हा कॉलेजात होतो, अशा गोष्टींकडं जरा वाकड्या तोंडानं बघायच्या वयाचा. दक्षिणेतल्या वैष्णवांमध्ये यावरून दोन पंथ पडले म्हणे. माकडिणीचं पोर आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहतं. त्यानं धरलं नाही तर पडेल. तसा एक भक्त, आपल्या प्रयत्नानं देवाला धरणारा. मांजरीचं पोर काहीच करत नाही. आई मानेला धरते, ते हातपाय सोडून देतं, लोंबकळतं, ती नेईल तिथं जातं. तसा दुसरा भक्त, सगळा भार देवावर टाकलेला. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. बुवा रंगले होते, टाळकरी डोलत होते. मंडप भरला होता.

मी मागं बसून होतो आणि मला गोणी आठवली.

पिल्लाच्या मानेला धरलं की ते अंग सोडून देतं हे खरंच आहे. पण आई धरो की दहा वर्षांचा पोरगा, ते तसंच सोडून देतं. कुणाच्या तोंडात आहोत, कुणाच्या हातात आहोत, हे त्याला कळत नाही. बुवा भक्ताच्या बाजूनं बोलत होते, आणि भक्ताच्या बाजूनं ते फार सुंदर आहे. उचलणाऱ्याच्या बाजूनं मात्र तो दृष्टान्त कुणी सांगत नाही. सगळा भार समोरच्यानं आपल्यावर टाकलाय, विरोध म्हणून नाही, तक्रार नाही. अशा वेळी आपण जे करतो ते सगळं आपलंच असतं. 'त्याचं नशीब' म्हणायची सोय राहत नाही.

हे तेव्हा एवढं नीट सुचलं नव्हतं. तेव्हा फक्त पोटात कालवलं आणि मी उठून चहाच्या टपरीवर गेलो.

*

२६ जुलै २००५. त्या दिवसाचं ज्यानं त्यानं आपापलं सांगून झालंय, मी थोडक्यात सांगतो. खाडीला भरती, वरून न थांबणारा पाऊस, उल्हास नदी फुगलेली. दुपारनंतर पाणी ओट्याला लागलं. आम्ही टीव्ही उचलला, गादी उचलली, रेशनकार्ड आणि सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, आईला शेजारच्यांच्या स्लॅबवर पोचवलं. मांजरीची आठवण कुणालाच नव्हती.

ती पडवीतल्या जुन्या लाकडी पेटीत व्यायलेली होती, सात-आठ दिवसांपूर्वी. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा मी पडवीत काहीतरी शोधायला गेलो आणि ती दिसली. तोंडात पिल्लू, मान जेवढी वर जाईल तेवढी वर, आणि ती पोहत होती. मांजराला पाणी आवडत नाही म्हणतात. शिडीपर्यंत पोहली, शिडी चढून माळ्यावर गेली, पिल्लू ठेवलं, परत उतरली. मी तसाच उभा. पेटीतून पिल्लं काढून माळ्यावर ठेवायला मला एक मिनिट लागलं असतं. हात पुढं झाला नाही. घाबरून नाही, आळसानं तर नाहीच. मला वाटलं आपण त्यांना हात लावायचा नाही, आपला तो हक्क गेलेला आहे. हे मूर्खपणाचं होतं हे कबूल करतो. तिसऱ्या खेपेला ती दमलेली दिसत होती, तेव्हा कुठं मी भानावर येऊन शेवटची दोन उचलली आणि वर ठेवली. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. आपल्या पिल्लांना चाटायला लागली. माझ्या हातचीही चाटली.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडं म्हणतात. वास लपवायला, बोक्यापासून वाचवायला, पाण्या-उन्हापासून वाचवायला ती जागा बदलत राहते. त्या सात घरांत एखादं आपलंही असतं, एवढंच.

*

पुढं जमीन गेली. गेली म्हणजे आम्हीच दिली, बिल्डरला. भातखाचरावर सात मजली इमारत उभी राहिली, तिच्यात आमच्या वाट्याला दोन फ्लॅट आले. जिथं उडवी रचायचो तिथं आता पार्किंग आहे. खाली दोन विंगा, वर निम्मे आम्ही गाववाले आणि निम्मे बाहेरून आलेले. साताऱ्याचे, जळगावचे, दोन घरं उत्तर प्रदेशातली. कणगे गेले, उंदीर मात्र राहिले. कचऱ्याच्या डब्यांवर ते चांगले पोसतात. आणि उंदीर आहेत तिथं मांजर येणारच. फरक एवढाच की आता ती कुणाच्याच घरची नाही.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसाच्या संध्याकाळी, मीटररूमच्या मागं तीन पिल्लं सापडली. आठवड्याभराची असतील, डोळे नुकते फटीएवढे उघडलेले. आई जवळ नव्हती. मी अर्धा तासही थांबलो नाही. मला वाटलं, ही तीच तीन. खाडी पल्याडची. हिशेब चुकता करायची वेळ आली. बुटांच्या खोक्यात घालून वर आणली.

वाचणाऱ्यांपैकी कुणी हे करायला निघाला असेल तर त्यानं इथं थांबावं, म्हणून मी काय काय चुकलो ते जरा सविस्तर सांगतो. पिल्लं गार होती, आणि मी ती गरम करायच्या आधीच पाजायला बसलो. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात गेलेलं जिरत नाही. पिशवीतलं दूध पाणी घालून, ड्रॉपरनं. गाईचं दूध त्यांना बाधतं, जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवातलं पाणी तासांत संपतं. पाजलं कसं, तर तान्ह्या बाळासारखं उताणं धरून. मांजराचं पिल्लू पालथं, पोटावर राहून पितं. उताणं पाजलं की दूध फुफ्फुसात जातं. आणि एक गोष्ट तर मला माहीतच नव्हती. एवढी लहान पिल्लं स्वतःहून मुतत नाहीत. आई चाटते तेव्हा होतं. आई नसेल तर ओल्या कापसानं हळूहळू पुसावं लागतं, दर खेपेला.

रात्री दहाच्या सुमारास जिन्यात मांजर ओरडायला लागली. खालून वर, वरून खाली. तोंडात काहीतरी धरून ओरडल्यासारखं.

मी सत्तेचाळीस वर्षांनी तो आवाज ऐकला. बायको म्हणाली, "अहो, हिचीच असतील, ठेवून या ना खाली." आणि मी काय म्हणालो? म्हणालो, आता आपल्या हाताचा वास लागला, ती घेणार नाही. हे कुठंतरी ऐकलेलं होतं. माळ्यावर माझ्या हातची दोन पिल्लं चाटणारी मांजर मी स्वतः डोळ्यांनी बघितली होती, तरी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर पिल्लं परत द्यायची मला इच्छा नव्हती. मी पुण्य करत होतो ना.

दुसऱ्या दिवशी एक गेलं, चौथ्या दिवशी दुसरं. तिसऱ्याला घेऊन डॉक्टरांकडं गेलो. तरुण मुलगी होती, माझ्या पुतणीच्या वयाची. तिनं पिल्लू तपासलं, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवली आणि मग विचारलं, "काका, आई मेली होती का?"

"नाही."

"मग उचललीत कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. ती रागावली नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. मे-जूनमध्ये अशी खोकी घेऊन येणारी माणसं तिला रोजच भेटत असणार. तिनं समजावलं ते असं. आई खायला जाते, दोन-चार तास, कधी जास्तही. पिल्लं पोट भरलेली असतील तर गप्प, एकमेकांवर झोपलेली असतात. त्यांना हात लावायचा नाही. लांबून लक्ष ठेवायचं. आपण जवळ बसून राहिलो तर ती येणारच नाही. शंका असेल तर जागेभोवती पिठाची रेघ ओढायची, सकाळी पावलं उमटली असतील तर आई येऊन गेली. पोट खपाटीला गेलेलं, सारखी रडतायत, अंग गार आहे, पाणी शिरतंय किंवा मांजर गाडीखाली गेलेली आपण बघितलीय, तरच उचलायची. आणि उचलल्यावरही आधी ऊब, मग दूध, तेही त्यांच्यासाठी मिळतं ते.

वाचलेलं पिल्लू मी त्याच रात्री मीटररूमच्या मागं कोरड्या खोक्यात ठेवलं आणि लांब, गाडीत जाऊन बसलो. ती पावणेबाराला आली. हुंगलं, मानेला धरलं. त्यानं हातपाय सोडून दिले. आणि ती जिन्याखालून अंधारात गेली.

*

एवढं झाल्यावर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो. एरवी मी पाणी आणि पार्किंग सोडून कशावर बोलत नाही. म्हटलं, पिल्लं सापडली की कुणी काय करायचं ते ठरवू. लोक हसले. मग एक एक बाहेर यायला लागलं. कुणी मागच्या वर्षी दोन पिल्लं पिशवीत घालून मच्छी मार्केटला सोडून आलं होतं, "तिकडं खायला भरपूर". कुणी रेतीबंदरला. एक गृहस्थ तर स्कूटरवरून पुलापल्याड जाऊन आलेले. आता मोठागावहून माणकोलीला पूल झालाय, होडी लागत नाही. सगळ्यांनी एकच सांगितलं, मारलं नाही हो, सोडलं. माझी आजी त्या मीटिंगमध्ये सात-आठ घरांतून बोलत होती.

मच्छी मार्केटात आधीच ठरलेली मांजरं असतात, कुत्री असतात. घरात वाढलेलं दोन महिन्यांचं पिल्लू तिथं दोन दिवस काढत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला उपाशी-तहानलेलं राहील अशा ठिकाणी सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. पार्किंगमध्ये गाडी वाकडी लावली तर आमची सोसायटी याहून जास्त घेते. तेव्हा कायद्याच्या धाकानं काही होईल असं मी कुणाला सांगितलं नाही.

ठरलं ते साधंच. पिल्लं दिसली तर उचलण्याआधी वॉचमनमामांना सांगायचं, कारण रात्री कोण येतं-जातं ते एकट्या त्यांनाच माहीत असतं. पावसात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायची, पिल्लं उबेला आत शिरतात. खाणं एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी, आणि नंतर जागा धुवायची. तक्रार मांजरांबद्दल कमी आणि सांडलेल्या भाताबद्दल जास्त होती. आणि मुख्य म्हणजे मांजरींचं ऑपरेशन करून घ्यायचं, घरटी वर्गणी काढून. चार-पाच महिन्यांची मांजर गाभण राहू शकते आणि पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे आपण जिच्या पिल्लांना दूध पाजायची धडपड करतो ती पुढची चार पोटात घेऊन फिरत असते. कुत्र्यांच्या नसबंदीचं महापालिकांना बरीच वर्षं माहीत आहे, मांजरांचं आत्ता कुठं सुरू झालंय. मुंबईनं २०१९ मध्ये हाती घेतलं. आमच्याकडं डोंबिवलीत 'पॉज' आहे, ठाण्याला एसपीसीए आहे, पण वैशाखात प्रत्येक इमारतीनं त्यांनाच फोन करायचा आणि खोकं सोपवून मोकळं व्हायचं, तर ते पल्याडच झालं. फक्त पत्ता बदलला.

यावर दुसऱ्या मजल्यावरच्या आजी बोलल्या. पंढरीच्या वारकरी, रोज खाली येऊन मांजरींना पोळी घालणाऱ्या. त्यामुळं त्या आमच्या बाजूच्या असतील असं मी धरून चाललो होतो. त्या म्हणाल्या, "बाळा, तुला तिनं सांगितलंय का, मला पोरं नको म्हणून?"

मीटिंगमध्ये कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. 'नसबंदी' हा शब्द आमच्या गावानं १९७६ मध्ये ऐकलाय. सरकारी जीप आली की बाप्ये तिवरांत जाऊन बसायचे, हे मी बघितलंय. माणसाला न विचारता त्याच्या अंगाबाबत ठरवणं काय असतं ते मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. आणि मी आता तोच शब्द घेऊन एका मुक्या जनावराबद्दल हात वर करून मत मागत होतो. माणसाला निदान विचारता येतं आणि विचारलं नाही तर तो पळून जाऊ शकतो. मांजरीला मी काय विचारणार?

मी आजींना म्हटलं, "नाही सांगितलं. पण पोरं नेली तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी दोनदा ऐकलंय. दोन्ही वेळा नेणारा मीच होतो." मग गोणीची गोष्ट सांगितली. एवढ्या माणसांत पहिल्यांदाच. तिवराच्या खोडावरची रेघ मात्र सांगितली नाही. ती इथं लिहितोय.

आजी बराच वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "मला पटलं नाही. पण माझे दोनशे घे."

त्यांचं न पटणं मला अजून बरोबर वाटतं. जन्मच होऊ न देणं ही सोय कुणाची, मांजरीची की आपली, याचं उत्तर मला तिच्या बाजूनं देता येत नाही. एवढंच कळतं की पन्नास वर्षं आम्ही पिल्लांचं काय करायचं ते पिल्लं झाल्यावर ठरवत आलो, आणि तेव्हा ठरवायला फक्त गोणी उरते. आधी ठरवलं तर निदान त्या ठरवण्याचं ओझं आपल्या अंगावर राहतं, चार दिवसांच्या जिवाच्या अंगावर टाकता येत नाही.

ती मीटररूमवाली मांजर पिल्लू दोन महिन्यांचं होऊन खायला लागेपर्यंत आम्ही थांबलो. मग वॉचमनमामांनी पिंजऱ्यात सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवून तिला धरली. पिंजऱ्यात ती माझ्याकडं बघून अशी फिस्कारली की मी दोन पावलं मागं सरलो. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापतात. तसा कान घेऊन ती चार दिवसांनी परत आली आणि आल्या आल्या पार्किंगमध्ये, जिथं आमची उडवी असायची त्या जागी, अंग चाटत बसली. महिनाभर मला बघितलं की उठून जायची. आजींच्या पोळीला मात्र पहिल्या दिवसापासून तयार. पिल्लू जळगाववाल्यांच्या घरात आहे. त्याला नावही आहे.

आमच्या आवारातल्या सहापैकी पाच मांजरींचे कान आता कापलेले आहेत. सहावी फार हुशार, पिंजऱ्याभोवती फिरून बोंबील बाहेरून ओढून नेते. या वैशाखात मीटररूमच्या मागं काही झालं नाही. पण परवा रात्री शेजारच्या, अजून बांधकाम चालू असलेल्या इमारतीतून बारीक रडणं ऐकू आलं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी बॅटरी घेतली, डब्यातलं तांदळाचं पीठ वाटीभर घेतलं, आणि खाली गेलो. सिमेंटच्या गोणींमागं चार होती. पोटं टम्म, एकमेकांवर पडलेली. रडणारं एकच, ढिगातून बाहेर घसरलेलं. त्यालाही हात लावला नाही. पिठाची रेघ ओढली आणि बांधकामावरच्या वॉचमनच्या खाटेवर, लांब, त्याच्याशेजारी जाऊन बसलो. तो बिहारचा. त्यानं काही विचारलं नाही, बिडी पुढं केली. मी पीत नाही, तरी घेतली.

एक वाजला, दोन वाजले. खाडीकडून वारा सुटला होता, भरतीचा. मग मला डुलकी लागली असावी. जाग आली तेव्हा फटफटलं होतं, रडणं थांबलेलं, आणि पिठावर एका ओळीत आत गेलेली आणि त्याच ओळीत बाहेर आलेली पावलं होती.